चाक काढण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

हा अभ्यासक्रम मोटारीचं चाक काढण्याचा आहे, चाकाचे नट काढण्याचा नाही. या दोन विद्या वेगळ्या आहेत हे ज्यांना अजून कळायचंय, त्यांच्यासाठीच तो आखला आहे. नट पान्याने निघतात आणि पाच-दहा मिनिटांत निघतात. मग विद्यार्थी उकिडवा बसतो, दोन्ही हातांनी टायर धरतो आणि आपल्याकडे ओढतो. काहीही होत नाही. चाकाला धरून ठेवणारी एकही वस्तू आता दिसत नसते आणि चाक तसूभर हलत नसतं. इथे अभ्यासक्रम सुरू होतो.

प्रवेशपात्रता

विद्यार्थ्याला वयाची किंवा शिक्षणाची अट नाही. अट आहे ती गाडीला. गाडी शक्यतो किनाऱ्यालगतची असावी. मालवण, वेंगुर्ला, देवगड, हर्णै इथल्या गाड्यांना मुलाखतीशिवाय प्रवेश मिळतो. मुंबईला नोकरी करणाऱ्याने गावच्या घरी ठेवलेली, मे महिन्याच्या अखेरीस पत्र्याच्या शेडखाली लावलेली आणि थेट गणपतीत बाहेर काढलेली गाडी सर्वांत गुणी. शेडमुळे ती पावसात भिजत नाही, असं मालकाला वाटत असतं. पण समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ लोखंडावर बसतं, ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि वर पत्रा असला तरी खाली चाकं पावसाळाभर ओलीच राहतात.

पर्यटकांसाठी जलद अभ्यासक्रमाची सोय आहे. त्यांनी गाडी पुळणीवर उतरवावी, ओहोटीच्या ओल्या वाळूत चार चकरा माराव्यात, लाटेचं पाणी उडतानाचा व्हिडिओ काढावा आणि परत गेल्यावर गाडी फक्त वरून धुवावी. पोलिसांनी अडवल्यास प्रवेश शुल्क जागेवरच भरावं लागतं. मासळीच्या ट्रकमागून रोज ये-जा करणाऱ्यांना, वितळत्या बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर सांडत असल्याने, अंतर्गत गुण मिळतात. पुण्याच्या विद्यार्थ्यांना हवामानाची साथ नाही. त्यांनी दर रविवारी चाकांवर पाण्याचा पाइप धरून ही उणीव भरून काढावी.

एक अट मात्र सगळ्यांना सारखी आहे. गाडी घेतल्यापासून चाक एकदाही उतरवलेलं नसावं. बहुतेक गाड्यांसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ठरावीक किलोमीटरनंतर चाकांची पुढे-मागे अदलाबदल करायला सांगितलेलं असतं. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली असावी. पडताळणी होईल.

सिद्धान्त

चाकाच्या मधोमध मोठं भोक असतं आणि हबच्या मधोमध गोल उंचवटा. भोक उंचवट्यावर बसलं की चाक बरोबर केंद्रात येतं. अनेक छोट्या गाड्यांत या भोकाचा व्यास ५४ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि दोहोंमधली फट इतकी कमी की तिच्यात नख शिरत नाही. भोवती चार किंवा पाच स्टड आणि त्यांवर नट. छोट्या गाडीचा नट साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर ताकदीने आवळतात. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर हिशोब केला तर एकेक नट चाकाला जवळपास चार टनांच्या दाबाने हबवर दाबत असतो. हा सगळा दाब तुम्ही नट काढताच नाहीसा केला. तरी चाक तिथेच आहे, कारण आता ते गंजाच्या ताब्यात आहे.

लोखंड गंजलं की फुगतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. उघड्या पत्र्यावर तो पापुद्रे काढून मोकळा होतो. हबच्या फटीत त्याला जायला जागाच नसते, म्हणून तो एका बाजूला भोकाला आणि दुसऱ्या बाजूला उंचवट्याला रेटत बसतो. पावसाळ्यामागून पावसाळे हे चालू राहिलं की भोक आणि उंचवटा ही दोन नावं फक्त पुस्तकात उरतात.

आमच्या गाडीला अलॉय व्हील आहेत, अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही, असं सांगणारे विद्यार्थी दर वर्षी असतात. त्यांना पहिल्या बाकावर बसवावं. लोखंडाचा हब, त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि मधे खारं पाणी, एवढ्या साहित्यात शाळेतली विद्युतघटाची आकृती पूर्ण होते. या घटात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. झिजून त्याची पांढरी भुकटी होते, तीही फुगते, आणि तीही त्याच फटीत. शोरूममध्ये जास्तीचे पैसे मोजून घेतलेला हा विषय ऐच्छिक होता.

रोगनिदान

चाक निघत नाही आणि चाक फिरत नाही, या दोन तक्रारी एकाच खिडकीवर येतात, पण त्यांचे वर्ग वेगळे आहेत. मागचं चाक जॅकवर उचललं असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून, बाकीच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवून पाहा. पुढचं असेल तर हँडब्रेक ओढा, दगड लावा आणि गिअर न्यूट्रल करा. चाक फिरतं पण निघत नाही, तर तुम्ही योग्य वर्गात आहात. मागचं चाक फिरतच नसेल, तर पावसाळाभर ओढून ठेवलेल्या हँडब्रेकचे लायनर आत ड्रमला चिकटले आहेत. तो वर्ग शेजारी भरतो. पुढच्या वर्षी गाडी उभी करताना हँडब्रेकऐवजी गिअर आणि चाकांखाली दगड वापरा, म्हणजे निदान एका विषयात सूट मिळेल.

साहित्य

१. जॅक. गाडीसोबत आलेला चालेल. कंपनीने तो चाक उतरवून दुसरं बसवण्याएवढ्या वेळासाठी दिला आहे. उचललेल्या गाडीवर घण चालवला जाईल, ही कल्पना तो बनवणाऱ्यांना नसावी.

२. घोडी, म्हणजे जॅक स्टँड. बहुतेक घरांत ती नसते. तिच्या जागी जांभ्याचा चिरा वापरायची कोकणात पद्धत आहे. चिऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, हे खरं. पण भिंतीत वजन सगळ्या चिऱ्यावर पसरून येतं, गाडीचं वजन बोटभर जागेत येतं. भोकाभोकांचा चिरा अशा वेळी फुटतो आणि फुटण्याआधी कळवत नाही. घोडी गॅरेजमधून मागून आणा. या अभ्यासक्रमात थट्टेला वाव नसलेल्या दोन जागा आहेत, त्यातली ही पहिली.

३. जाड फळी, जॅकखाली ठेवायला. भाद्रपदातल्या तांबड्या मातीत जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो.

४. पाना. गाडीसोबतचा आखूड असतो. लांब दांड्याचा किंवा पाइप चढवता येईल असा घ्या.

५. गंज सोडवणारं तेल. घरोघरी असतो तो डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये रॉकेट केमिकल कंपनीने चाळिसाव्या प्रयत्नात जमवलेलं हे मिश्रण. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावर ओलावा राहू नये, गंज लागू नये, हे त्याचं पहिलं काम. म्हणजे ते गंज येण्याआधी मारायचं. तुम्ही ते काही वर्षं उशिरा मारताय, तेव्हा अपेक्षा माफक ठेवा. फटीत झिरपण्यासाठीच बनवलेलं वेगळं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते जास्त उपयोगी.

६. लाकडाचा ठोकळा आणि घण. ठोकळा आधी, घण नंतर. क्रम महत्त्वाचा.

७. स्टेपनी, हवेसह. हवा आहे का ते सगळ्यात आधी पाहायचं असतं. चाक निघाल्यावर पाहिलं तर तो वेगळा अभ्यासक्रम होतो आणि त्याची फी गाडी ओढून नेणाऱ्याला द्यावी लागते.

८. पोतं, बसायला. लाथा बसून मारायच्या असतात.

९. पंक्चरवाल्याचा नंबर. हा शेवटी वापरायचा असतो, पण अनुभवी लोक आधीच लावून ठेवतात.

प्रात्यक्षिक

पायरी १. गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव फेरा ढिला करा. गाडी उचलल्यावर पान्याला जोर दिला की चाकच फिरतं, किंवा गाडी जॅकवरून सरकते. नट डावीकडे फिरवून सुटतो. जुन्या विलीज जीप याला अपवाद, त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. विलीज जीप असलेल्या विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमाची गरज नाही, त्याच्याकडे याहून मोठी कामं असतात.

पायरी २. गाडी उचला, घोडी लावा, घोडीवर वजन आलं का ते हाताने हलवून पाहा. या क्षणापासून शेवटच्या पायरीपर्यंत अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाणार नाही. गाडीखाली गडगडत गेलेला नट तिथेच राहू द्या, तो काठीने ओढता येतो.

पायरी ३. नट सगळे काढू नका. काढले असतील तर दोन-तीन परत चढवा, प्रत्येकी तीन-चार आट्यांपुरते. ही थट्टेला वाव नसलेली दुसरी जागा. अडकलेलं चाक जरा-जरा करत येत नाही, ते एकदम सुटतं. समोर नट नसतील तर ते थेट मांडीवर येतं आणि त्या हिसक्याने गाडीही हलते. नट असतील तर फक्त एक ठक्क आवाज येतो आणि चाक बोटभर पुढे येऊन थांबतं. नवशिक्यांना ही पायरी अपमानाची वाटते, कारण काढलेला नट परत लावणं म्हणजे माघार, अशी समजूत आहे. समजूत बाजूला ठेवून लावा.

पायरी ४. चाकाच्या मधलं प्लास्टिकचं टोपण काढा आणि भोकाच्या कडेने तेल मारा. स्टडच्या मुळाशी थोडं. डिस्क, ड्रम आणि ब्रेकवर एक थेंबही नको, नाही तर चाक निघेल पण गाडी थांबणार नाही. मग थांबा. अर्धा तास किमान, रात्रभर उत्तम. या पायरीत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात कमी आहे. तेल मारल्या-मारल्या उठून चाक ओढून पाहण्याची जी तीव्र इच्छा होते, ती दाबण्यासाठीच चहा असतो.

पायरी ५. लाथ. चाकासमोर पोतं टाकून बसा, हात मागे टेका आणि टाचेने टायरच्या बाजूवर लाथ मारा. एकदा उजव्या कडेला, एकदा डाव्या, मग चाक पाव फेरा फिरवून पुन्हा. घड्याळाच्या भाषेत तीनवर आणि नऊवर. वर मारलेली लाथ जॅकला त्रास देते. लाथ टायरला मारायची आहे, रिमला नाही, हे पायात चप्पल असलेल्यांना लवकर उमगतं. इथे जोरापेक्षा आलटून-पालटून मारण्याला महत्त्व आहे. उंचवट्यावर भोक एका बाजूने किंचित तिरकं झालं, मग दुसऱ्या बाजूने, की मधला गंज भुगा होत जातो. एकाच जागी त्वेषाने मारलेल्या लाथांनी फक्त पोटरी दुखते.

पायरी ६. ठोकळा आणि घण. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे टायरची आतली बाजू बाहेर येते आणि गाडीखाली वाकावं लागत नाही. आतल्या बाजूने टायरला ठोकळा लावून बाहेरच्या दिशेने ठोका, चाक फिरवत ठोका. घण रिमवर पडला तर अलॉयला चीर जाते, पत्र्याचा रिम वाकतो. हबवर पडला तर आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे उमटतात आणि पुढे आयुष्यभर गाडी घूं-घूं करते. मदतनीस ठोकळा धरणार असेल तर त्याने लांब ठोकळा निवडावा. ठोकळा लांब असला की घरातले संबंध टिकतात.

पायरी ७. गरम पाणी, फक्त अलॉयवाल्यांसाठी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ५४ मिलिमीटरचं भोक ६० अंशांनी तापलं तर त्याचा व्यास सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढतो. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण भांडण त्याच मापाच्या फटीचं चाललंय. उकळतं पाणी भोकाभोवती, अलॉयवरच, हळूहळू ओता आणि लगेच लाथेकडे वळा. उशीर झाला की हबही तापतो आणि दोघं मिळून फुगतात. पत्र्याच्या रिमला हा उपाय लागू नाही, तिथे दोन्हीकडे लोखंडच आहे. आणि पाण्याने होतंय तर ब्लो टॉर्चने लवकर होईल, हा विचार मनात आल्यास अभ्यासक्रम सोडून घरी जावं. ज्योतीने अलॉय नरम पडतं, बेअरिंगचं ग्रीस वितळतं आणि तापलेला टायर फुटतो. टायर फुटतो तेव्हा तो बॉम्बच असतो.

पायरी ८. गाडीलाच कामाला लावणं. सगळे नट लावा, हाताने घट्ट करा, मग प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला ठेवा. घोडी काढा, गाडी जमिनीवर उतरवा. अंगणात, माणसं आणि कोंबड्या दूर करून, पायी चालण्याच्या वेगाने गाडी हातभर पुढे न्या, ब्रेक दाबा. हातभर मागे, ब्रेक. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे. सातशे-आठशे किलोची गाडी अडकलेल्या चाकाला जो पीळ देते, तो कुणाच्याही टाचेत नाही. ठक्क आवाज आला की झालं. थांबा, नट आवळा, मग पुन्हा उचला. रस्त्यावर जायचं नाही, फाट्यापर्यंतसुद्धा नाही.

चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात आलं असेल की आठवी पायरी सर्वांत सोपी आहे आणि बहुतेक वेळा तीच पुरते. मग ती पहिली का नाही? पहिली ठेवली असती तर अभ्यासक्रम चहा येण्याआधीच संपला असता.

सल्लागार मंडळ

अडकलेलं चाक एकट्याने काढणं कोकणात शक्य नाही, कारण एकटं राहता येत नाही. पहिल्या लाथेचा आवाज वाडीत पोचतो आणि माणसं जमतात. मंडळाची रचना ठरलेली असते. घण आणायला सांगणारा एक असतो. ‘घण हाडूक व्हयो,’ असं तो म्हणतो आणि जागचा हलत नाही. मोबाइलवर व्हिडिओ शोधणारा भाचा असतो. त्यातल्या माणसाचं चाक दहा सेकंदांत निघतं, कारण त्याच्या गावी समुद्र नाही. पडवीतून वैनी विचारतात, ‘आधी चाय घेतास काय?’ आणि चौथ्या पायरीचं मर्म एकट्या त्यांना कळलेलं असतं.

आणि निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेले आबा असतात. ते लांब उभे राहतात आणि शेवटी बोलतात. ‘आमच्या वेळेक चाकां अशी अडकत नसत.’ यावर तरुण मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. हसू नये. आबांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, फक्त त्याचं कारण ते सांगत नाहीत.

त्या काळी टायरमध्ये ट्यूब असे आणि रस्त्यांत नालांचे खिळे. चाक वारंवार पंक्चर होई. पंक्चर काढायचं तर चाक उतरवावंच लागे, ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहावे लागत. चाक पुन्हा बसवताना पंक्चरवाला हबवर फडका मारी. गंजाला बस्तान बसवायला सलग सवड अशी मिळतच नसे. आता टायर ट्यूबलेस आले. खिळा रुतला तरी हवा हळू जाते, आणि पंक्चरवाला बऱ्याचदा चाक गाडीवरच ठेवून बाहेरून रबराची वात टोचून देतो. कपड्यांना डाग नाही, वेळ जात नाही, चाक उतरत नाही. पाच पावसाळे असे सुखात जातात. मग एखाद्या गणपतीत, महामार्गावर, टायर बाजूने फाटतो, तिथे वात चालत नाही, आणि मागे सामानात मखर बांधलेलं असताना हा अभ्यासक्रम घाटाच्या वळणावर सुरू करावा लागतो.

म्हणून या शास्त्राचा एकमेव नियम असा, की गरज नसताना उतरवलेलं चाक गरजेच्या वेळी उतरतं. बाकीच्या आठ पायऱ्या हा नियम न पाळणाऱ्यांसाठी आहेत. म्हणजे सगळ्यांसाठीच.

तोंडी परीक्षा

प्रश्न : जॅक चाकाच्या आत आडवा घालून बाहेर रेटला तर?
उत्तर : काहीतरी नक्की हलेल. ते चाकच असेल याची खात्री नाही. सस्पेन्शनचा दांडा वाकला तर पुढे गाडी सरळ जायला तयार होत नाही.

प्रश्न : तेलाऐवजी खोबरेल चालेल का? घरचं आहे.
उत्तर : खोबरेल २५ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागतं. फटीत शिरण्याचं काम सोडून ते तिथे मुक्काम करील. डोक्याला लावा, तिथे या क्षणी गरज आहे.

प्रश्न : पुढच्या वेळी अडकू नये म्हणून नट आणि स्टडला भरपूर ग्रीस लावू का?
उत्तर : नको. नट आवळताना लावलेली बरीच ताकद आट्यांच्या घर्षणात जाते आणि पान्यावरचं माप तेच गृहीत धरून ठरवलेलं असतं. ग्रीस लावलं की तेवढ्याच आवळण्यात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, कायमचा लांबतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. ग्रीसची जागा फक्त मधला उंचवटा.

प्रश्न : सगळं करूनही निघालं नाही तर?
उत्तर : साहित्यातली नववी वस्तू वापरा. पंक्चरवाला येईल, चाकाभोवती एक फेरी मारील, कुठेतरी एक ठोका देईल आणि चाक सुटेल. ते तुमच्या आधीच्या लाथांमुळे सैल झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. त्याला पैसे द्या आणि हे वाक्य मनात म्हणा.

चाक निघाल्यावर

अनेकांना वाटतं की इथे टाळ्या वाजतात. वाजतातही, पण काम अर्धंच झालेलं असतं. आहे तसाच हब ठेवून स्टेपनी चढवली तर पुढच्या वर्षी ती अडकेल.

तारेच्या ब्रशने उंचवटा आणि हबचा सपाट चेहरा घासा. कोपऱ्यांतला गंज पॉलिश पेपरने काढा. चाकाच्या भोकाच्या आतली कडही तशीच स्वच्छ करा. धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, त्यात ब्रेकच्या लायनरचा भुगाही असतो. चेहरा नीट साफ हवा, कारण गंजाचा एखादा खपला मधे राहिला तर नट आवळताना चाक घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि खपला चुरला की नट ढिले पडतात. मग उंचवट्यावर ग्रीसचा किंवा तांब्याची भुकटी घातलेल्या पेस्टचा हात फिरवा. इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी. जाड थर गाडी चालताना उडून ब्रेकवर जातो.

चाक बसवून नट हाताने चढवा. पाना लावताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. पहिल्यांदा अर्धवट, गाडी जमिनीवर टेकल्यावर पूर्ण. पान्यावर उभं राहून उड्या मारू नका, काही स्टड तेवढ्यासाठीच तुटतात. जवळच्या गॅरेजमध्ये टॉर्कचा पाना असेल तर पुस्तिकेतल्या मापाने तपासून घ्या. पुस्तिका कप्प्यात आहे, पिशवी आता फोडायला हरकत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा आवळून पाहा. आणि बाकीची तीन चाकंही त्याच अंगणात, त्याच पावसात उभी होती, हे ज्याच्या स्वतःहून लक्षात येईल त्याला विशेष प्रावीण्य.

पदवी

या अभ्यासक्रमाला प्रमाणपत्र नाही. उत्तीर्ण झाल्याची खूण वेगळी आहे. महामार्गाच्या कडेला, एखाद्या अनोळखी गाडीच्या टायरला कुणीतरी लाथा घालताना दिसतो. भोवती चार माणसं असतात, प्रत्येकाचं मत असतं. नापास विद्यार्थी गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि पाचवं मत देतो. उत्तीर्ण विद्यार्थीही थांबतो आणि उतरतो. पण तो मत देत नाही, एकच प्रश्न विचारतो, ‘दादा, नट सगळे काढलेत काय? दोन परत लावा बघू आधी.’